चाल, वार्धक्यातील

वार्धक्यातील चाल : वाढत्या वयाबरोबर माणसाच्या चालण्यात, विशेषतः चालताना होणाऱ्या पावलांच्या हालचालींत, क्रमाक्रमाने जो फरक पडत जातो त्यास ‘वार्धक्यातील चाल’ असे म्हणता येईल. वृद्ध माणूस दुरूनही चालीवरून ओळखू येतो. त्याची पावले जवळजवळ पडतात, वेग मंदावलेला असतो, दोन पायांमधील रुंदी थोडी वाढलेली असते, चवडे बाहेरच्या अंगास वळलेले असतात आणि पाऊल टाचेवर उतरून चवड्यावरून सुटण्याऐवजी बरेचसे सपाट टेकले व सपाटच उचलले जाते. ‘म्हातारपणी पाय उचलत नाहीत’ असे या चालीचे वर्णन लोकव्यवहारात केले जाते. प्रत्यक्ष मोजमापांवरून मात्र हे वर्णन अर्धवटच खरे ठरते. निरोगी वृद्धाच्या पावलाचे पुढचे टोक जमिनीपासून सरासरीने तरुणाइतक्याच उंचीवरून पुढे जाते. कमी होतो तो पावलाला मागून मिळणारा घोट्याचा रेटा, आणि ढळते ती प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखेच टाकण्याची अचूकता. हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. वृद्धाने कोणता व्यायाम करावा, घरातील कोणता धोका दूर करावा आणि केव्हा वैद्याकडे जावे हे त्यावर अवलंबून असते.

येथे प्रामुख्याने निरोगी वृद्धांच्या चालीचा विचार केला आहे. पक्षाघात, कंपवात, गुडघ्यांचा संधिवात, मधुमेहामुळे होणारा तंत्रिकाविकार इ. रोगांतही चाल बिघडते. पण ती त्या त्या रोगाचे लक्षण म्हणून. सत्तरीनंतर अशा रोगांपैकी एखादा तरी नसलेली माणसे थोडीच असल्यामुळे वय व रोग यांच्या परिणामांची फारकत करणे व्यवहारात अवघड जाते. तरीही ती केली पाहिजे, कारण ‘वय झाले’ या सबबीखाली बरे होण्याजोगे अनेक विकार तपासलेच जात नाहीत. वयामुळे होणारा बदल वर्षानुवर्षे हळूहळू होतो. काही आठवड्यांत चाल पालटली, एकच पाय ओढू लागला किंवा पाऊल जमिनीस चिकटल्यासारखे होऊन सुरुवातच होईना, तर ते केवळ वार्धक्य नव्हे.

चालचक्र : एका पायाची टाच जमिनीस टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या क्रियेस चालचक्र म्हणतात. नेहमीच्या वेगाने चालणारा तरुण मिनिटास सु. ११० पावले टाकतो, म्हणजे एका चक्रास सु. १·१ सेकंद लागतो. त्यातील सु. ६० टक्के काळ तो पाय जमिनीवर असतो (आधार-अवस्था) व उरलेला सु. ४० टक्के काळ हवेतून पुढे जात असतो (झोक-अवस्था). दोन्ही पायांच्या आधार-अवस्था एकमेकींवर थोड्या चढत असल्यामुळे प्रत्येक चक्रात दोनदा दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर येतात. या दुहेरी आधाराचा काळ दर वेळी चक्राच्या सु. १० टक्के असतो. बाकीच्या सर्व वेळी शरीराचा भार एकाच पायावर असतो आणि शरीराचा गुरुत्वमध्य त्या पावलाच्या नेमका वर क्वचितच असतो. त्यामुळे चालताना शरीर सतत पुढे व बाजूस कलत असते आणि पुढे पडणारा पाय ते वेळीच सावरीत असतो. पाऊल कोठे व केव्हा पडते यावर तोल अवलंबून असतो, तो याच कारणाने.

पावलास या काळात परस्परविरुद्ध अशी दोन कामे करावी लागतात. टेकताना त्याने मऊ व लवचिक राहून हिसका शोषून घ्यावयाचा असतो, तर सुटताना ताठ तरफेसारखे होऊन शरीर पुढे रेटावयाचे असते. प्रत्येक पावलात २६ हाडे व ३३ सांधे असण्याचे प्रयोजन यावरून लक्षात येते. टाच टेकते तेव्हा तिच्याखालील चरबीची गादी दबते आणि नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू चवड्यास आवरून धरून हळूहळू खाली उतरवितो. मग पाऊल किंचित आतल्या बाजूस कलते, मधले सांधे सैल होतात आणि जमिनीच्या उंचसखलपणाशी पाऊल जुळते. सुटण्याच्या वेळी याच्या उलट घडते. टाच उचलली जाऊन बोटे वर वाकली, की टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत गेलेला तळपायातील चिवट तंतुपट बोटांच्या सांध्यांभोवती गुंडाळला जातो, रहाटावर दोर गुंडाळावा तसा. त्यामुळे टाच व चवडा एकमेकांकडे ओढले जाऊन पावलाची कमान उंचावते व पाऊल ताठ होते. ही यंत्रणा इंग्रज शल्यचिकित्सक जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये स्पष्ट केली. त्याच क्षणी पोटरीचे स्नायू टाचेच्या कंडरेमार्फत (अकिलीस कंडरेमार्फत) घोटा जोराने खाली रेटतात. आधार-अवस्थेत ही कंडरा ताणली जाऊन तिच्यात ऊर्जा साठलेली असते. ती या वेळी एकदम मोकळी होते. चालण्यासाठी लागणाऱ्या शक्तीचा सर्वांत मोठा वाटा तरुणपणी घोट्याच्या या रेट्यातूनच मिळतो.

अभ्यासाची वाटचाल : चालण्याचे यांत्रिक विवेचन व्हिल्हेल्म व एडुआर्ट वेबर या जर्मन बंधूंनी १८३६ मध्ये केले. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक एत्येन झ्यूल मारे यांनी बुटाच्या तळाशी हवेचे कप्पे बसवून पाऊल केव्हा टेकते व केव्हा सुटते याची नोंद घेतली आणि पुढे छायाचित्रणाचा उपयोग केला. व्हिल्हेल्म ब्राउने व ओटो फिशर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चालण्याचे त्रिमितीय गणित मांडले. हे सर्व काम बहुतांशी तरुण पुरुषांवर झालेले होते. वृद्धांकडे पद्धतशीर लक्ष गेले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेतील मिल्वॉकी येथील मेरी पॅट मरी व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये निरोगी वृद्ध पुरुषांच्या चालीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेले वृद्ध रोगी नव्हते. तरीही त्यांची पावले आखूड होती, चवडे जास्त बाहेर वळत होते, घोट्याची व टाचेची उचल कमी होती आणि एकंदर चाल जपून, आवरून टाकल्यासारखी होती. या चालीत रोगाची खूण नसून स्थैर्य राखण्याची धडपड दिसते, हे मरी यांचे निरीक्षण आजही ग्राह्य आहे. त्यानंतर कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे डेव्हिड विंटर यांनी १९९० मध्ये ६२ ते ७८ वर्षे वयाच्या धडधाकट व्यक्तींची तरुणांशी तुलना केली. जमिनीत बसविलेल्या बलमापक पट्ट्या व चलच्चित्रण यांच्या एकत्रित उपयोगामुळे प्रत्येक सांध्याने किती शक्ती निर्माण केली अथवा शोषली हे त्यांना सांगता आले.

विंटर यांच्या निष्कर्षांतील काही गोष्टी अपेक्षेप्रमाणे होत्या, काही नव्हत्या. वृद्धांची पावले मिनिटागणिक तितकीच पडत होती. आखूड झाली होती ती पावलाची लांबी. आधार-अवस्था चक्राच्या सु. ६२ टक्क्यांवरून सु. ६५ टक्क्यांवर गेली होती, म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा काळ वाढला होता. घोट्याचा रेटा स्पष्टपणे मंदावलेला होता व पाऊल अधिक सपाट टेकत होते. अनपेक्षित गोष्ट टाचेची होती. वृद्ध हळू चालत असूनही जमिनीस टेकण्याच्या क्षणी त्यांच्या टाचेचा पुढे जाण्याचा वेग तरुणांच्या टाचेपेक्षा जास्त आढळला. पुढे येणाऱ्या पायाला शेवटच्या क्षणी आवरण्यात मांडीच्या मागचे स्नायू कमी पडतात असा याचा अर्थ लावला जातो. ओल्या फरशीवर टाच सटकण्याचा संभव त्यामुळे वाढतो.

घोट्याचा रेटा : वार्धक्यातील चालीचे मर्म येथे आहे. मंद चालणाऱ्या कोणाही माणसाचा रेटा कमीच असतो. तेव्हा वृद्धांत दिसणारा फरक वयामुळे की नुसत्या मंद वेगामुळे, अशी शंका साहजिक होती. अमेरिकेतील पॉल डेव्हिटा व टिबोर होर्टोबाजी यांनी २००० मध्ये तरुण व वृद्ध यांना एकाच वेगाने चालावयास लावून या शंकेचे निरसन केले. समान वेगाने चालतानाही वृद्धांच्या घोट्याने व गुडघ्याने कमी काम केले आणि ती तूट नितंबसंधीने (खुब्याच्या सांध्याने) भरून काढली. वयाबरोबर चालण्याची शक्ती केवळ घटते असे नसून तिचे ठिकाण पायाच्या टोकाकडून बुडाकडे सरकते, असा याचा इत्यर्थ आहे. तरुण माणूस घोट्याने स्वतःला पुढे रेटतो. वृद्ध माणूस खुब्याने पाय ओढून पुढे नेतो. कंबरेतून किंचित वाकून चालण्याची ढबही याच्याशी संबंधित असावी. केसी केरिगन व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९८ मध्ये असे आढळले, की मांडी मागे नेण्याची खुब्याची कमाल हालचाल वृद्धांत कमी असते व त्यांना मुद्दाम जलद चालावयास सांगितले तरी ती वाढत नाही. मांडी पुरेशी मागे गेली नाही की टाच उचलून रेटा देण्यास पायाला जागाच उरत नाही. दीर्घकाळ खुर्चीत बसून खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात, हे यामागील एक संभाव्य कारण होय.

रेटा कमी होण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. पन्नाशीनंतर पायांतील स्नायूंचे वस्तुमान दर वर्षी सु. १ ते २ टक्क्यांनी घटते व ताकद त्याहूनही वेगाने घटते. त्यातही जलद आकुंचन पावणारे स्नायुतंतू अधिक बारीक होतात, आणि रेट्याला नेमकी तीच जात लागते. टाचेची कंडरा वयाबरोबर अधिक ताणशील होते. सैल दोराने ओढताना आधी दोराचा ढिलेपणा घालवावा लागतो, तसे पोटरीच्या तंतूंना तेवढ्याच बलासाठी अधिक आखूड व्हावे लागते आणि ते लवकर थकतात. याचा परिणाम श्रमावरही होतो. समान वेगाने चालताना वृद्धाचा ऑक्सिजनाचा खप तरुणापेक्षा २० टक्क्यांपर्यंत अधिक असू शकतो. घोट्याचे व मांडीचे परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आवळून सांधा ताठ ठेवण्याची सवयही या जादा खर्चास कारणीभूत होते.

परंतु ही सर्व तूट अटळ आहे असे समजणे चूक ठरेल. जेसन फ्रान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वृद्धांना फिरत्या पट्ट्यावर चालावयास लावून त्यांच्या पायाचा रेटा समोरच्या पडद्यावर दाखविला. रेटा दिसू लागताच त्यांना तो वाढविता आला व तरुणांच्या नेहमीच्या पातळीपर्यंत नेता आला. पोटरीत शिल्लक असलेली शक्ती रोजच्या चालण्यात पूर्णपणे वापरली जात नाही, हे यावरून उघड होते. ती का वापरली जात नाही याविषयी मतभेद आहेत. जोराने रेटलेले शरीर पुढच्या पायावर तोलून धरण्याची खात्री वाटत नसल्यामुळे वृद्ध नकळत रेटा राखून ठेवतात, हे स्पष्टीकरण प्रस्तुत लेखकास अधिक पटण्याजोगे वाटते. बळवर्धक व्यायामाने वृद्धांचा वेग वाढतो, पण तो बहुधा खुब्याच्या जोरावर, घोट्याच्या नव्हे, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. वाढलेली ताकद चालीत आपोआप उतरत नाही. ती वापरण्याचा सराव वेगळा करावा लागतो.

बोटांची जमिनीपासूनची उंची : झोक-अवस्थेच्या मध्यास पावलाचे पुढचे टोक जमिनीच्या अगदी जवळून जाते. विंटर यांनी १९९२ मध्ये ही उंची सरासरीने सु. १·३ सेंमी. असल्याचे दाखविले. विशेष असे, की या वेळी पाऊल आपल्या सर्वाधिक वेगाच्या आसपास, सेकंदाला सु. ४·५ मी., म्हणजे ताशी १६ किमी. वेगाने, पुढे जात असते. इतक्या वेगाने जाणाऱ्या टोकाखाली बोटभरही अंतर नसणे हे मानवी चालीचे एक आश्चर्यच म्हटले पाहिजे. घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर १८ ते २० सेंमी. धरले, तर चवडा केवळ एका अंशाने खाली झुकल्यास टोक सु. ३ मिमी. खाली येते, चार अंशांत सारी मोकळीक संपते.

वृद्ध अडखळतात याचे कारण ही उंची कमी असणे हेच असावे, असे बरेच दिवस मानले जात होते. पण निरोगी वृद्धांवरील मोजमापांत सरासरी उंची तरुणांइतकीच आढळते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रेझाउल बेग व त्यांचे सहकारी यांनी एकेका व्यक्तीची शेकडो पावले सलग मोजली, तेव्हा खरा फरक पुढे आला (२००७). तरुणाची पावले सरासरीच्या अगदी जवळ राहतात; वृद्धाची मात्र काही पावले वर तर काही खाली पडतात. सरासरी तीच राहिली तरी हा पसारा वाढला, की एखादे पाऊल जमिनीस लागण्याइतके खाली येतेच. दिवसभरात माणूस काही हजार पावले टाकतो. त्यांतील एकच पाऊल उंबरठ्यास, सतरंजीच्या दुमडलेल्या कडेस किंवा फरशीच्या वर आलेल्या कोपऱ्यास अडले तरी पुरे होते. म्हणून घरातील मोठ्या पायरीपेक्षा एक-दोन सेंमी. उंचीचा अडथळा अधिक घातक होय. पायरी दिसते व पाय मुद्दाम उचलला जातो. लहानशा उंचवट्याची कोणी दखल घेत नाही.

अडखळल्यावर माणूस पडेलच असे नाही. जमिनीवरील पाय त्वरेने रेटा देऊन शरीराचे पुढे झुकणे आवरतो व तेवढ्या अवधीत दुसरा पाय पुढे टाकता येतो. वृद्धांत हा रेटा उशिरा व सावकाश निर्माण होतो. म्हणजे ज्या पोटरीच्या क्षीणतेने चाल आखूड होते, तीच सावरण्याच्या वेळीही आड येते. जगभरच्या पाहण्यांनुसार पासष्ट वर्षांवरील सु. एक-तृतीयांश माणसे वर्षातून एकदा तरी पडतात. अडखळणे व घसरणे ही त्यांतील नित्य आढळणारी कारणे आहेत. खुब्याचे हाड मोडणे हा त्याचा सर्वांत गंभीर परिणाम असला, तरी पडण्याची धास्तीही कमी अपायकारक नाही. धास्तीने माणूस चालणे कमी करतो, न चालण्याने स्नायू आणखी क्षीण होतात व पडण्याचा संभव वाढतो. घरातील मंडळी काळजीपोटी ‘तुम्ही बसून राहा, आम्ही आणून देतो’ असे म्हणतात, तेव्हा या दुष्टचक्रास नकळत हातभारच लागतो.

तळपाय व बोटे : टाचेखालील चरबीची गादी वयाबरोबर ताठर होत जाते व दाबल्यावर पूर्ववत होण्याचा तिचा गुण कमी होतो. पावलाची कमान काहीशी उतरते, सांध्यांचा हालचालीचा पल्ला घटतो व बोटांची पकड ढिली पडते. पाऊल सुटताना अंगठ्याखाली येणारा भार वृद्धांत कमी भरतो. रहाटाची जी यंत्रणा वर सांगितली तिला पुरेसा पीळ बसत नाही. अंगठा करंगळीच्या दिशेने वळणे ही विकृती उतारवयात, विशेषतः स्त्रियांत, पुष्कळ आढळते. पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या पादत्राणांमुळे ती बळावते.

स्पर्शज्ञानातील घट याहून कमी जाणवते, पण तिचे परिणाम दूरवरचे आहेत. तळपायाच्या त्वचेतील दाब व कंप ओळखणारी ग्राहके वयाबरोबर विरळ होतात आणि घोट्याची स्थिती मेंदूस कळविणाऱ्या तंत्रिकांचे (मज्जातंतूंचे) कार्य मंदावते. त्यामुळे पाऊल कोठे आहे हे डोळ्यांनी पाहून ठरविण्याकडे कल वाढतो. अंधारात किंवा डोळ्यांत मोतीबिंदू असताना चाल एकदम बिघडते ती याच कारणाने. मेलबर्न येथील हिल्टन मेंझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वृद्धांच्या एका वसाहतीत केलेल्या पाहणीत पडलेल्या व न पडलेल्या व्यक्तींची पावले तपासली. पडलेल्यांत घोट्याची लवचिकता कमी, अंगठ्याचे वळण अधिक, तळपायाचे स्पर्शज्ञान मंद व बोटांची ताकद कमी असल्याचे दिसले. मधुमेहात हे स्पर्शज्ञान वयाच्या मानाने फार लवकर जाते. भारतात या रोगाचा प्रसार पाहता येथील वृद्धांच्या पायांची तपासणी हा रक्तातील साखरेच्या तपासणीइतकाच नित्याचा भाग व्हावयास हवा.

लक्ष व चाल : चालणे ही आपोआप होणारी क्रिया मानली जाते, तरुणपणी ती बव्हंशी तशी असतेही. उतारवयात तिच्याकडे लक्ष पुरवावे लागते. स्वीडनमधील लिलेमूर लुंदीन-ऊल्सॉन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक साधी कसोटी मांडली. वृद्धनिवासातील व्यक्तींबरोबर चालता चालता त्यांनी संभाषण सुरू केले आणि कोण थांबते ते पाहिले. ५८ पैकी १२ जण बोलण्यासाठी थांबले. त्यांपैकी १० जण पुढील सहा महिन्यांत पडले. कोणतेही उपकरण न लागणारी ही कसोटी घरच्या माणसांनाही सहज करता येण्यासारखी आहे. अनुमान मात्र सावधपणे काढावे, कारण बोलण्यासाठी थांबणे हा कित्येकांचा स्वभावच असतो.

चालीचा वेग : नेहमीच्या चालीचा वेग तरुणात सेकंदाला सु. १·२ ते १·४ मी. असतो. साठीपर्यंत तो फारसा घटत नाही. पुढे घट स्पष्ट होते व ऐंशीच्या सुमारास तो १ मी.च्या खाली येतो. पायांची शक्ती, हृदय व फुप्फुसे, दृष्टी, तोल, मेंदू या सर्वांचा हिशेब या एका आकड्यात उतरत असल्यामुळे वार्धक्यविज्ञानात त्यास फार महत्त्व आले आहे. स्टेफनी स्टुडेन्स्की व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नऊ दीर्घकालीन पाहण्यांतील ३४,४८५ वृद्धांची माहिती एकत्र केली, तेव्हा जलद चालणाऱ्या वृद्धांचे पुढील आयुष्य अधिक असल्याचे दिसून आले. अर्थात जलद चालल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नव्हे. वेग हा प्रकृतीचा निदर्शक आहे. वयोजन्य स्नायुक्षय ओळखण्यासाठी आशियाई तज्ञांनी २०१९ मध्ये सेकंदाला १ मी. ही सीमा सुचविली. यूरोपात ती ०·८ मी. मानतात. भारतात २०१७ पासून झालेल्या वार्धक्यविषयक दीर्घकालीन राष्ट्रीय पाहणीत, जिचे केंद्र मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था हे होते, साठ वर्षांवरील व्यक्तींच्या चालीचा वेगही मोजण्यात आला.

प्रयोगशाळेतील हा आकडा रस्त्यावर येतो तेव्हा त्याचे गांभीर्य कळते. पादचाऱ्यांसाठी असलेल्या दिव्यांची वेळ ठरविताना ब्रिटनमध्ये सेकंदाला १·२ मी. वेग गृहीत धरला जात असे. इंग्लंडमधील पाहणीवर आधारलेल्या २०१२ मधील एका अभ्यासात ६५ वर्षांवरील ७६ टक्के पुरुष व ८५ टक्के स्त्रिया या वेगापर्यंत पोहोचत नसल्याचे आढळले. २४ मी. रुंदीचा रस्ता ओलांडण्यास १·२ मी. वेगाने २० सेकंद लागतात, तर ०·८ मी. वेगाने ३० सेकंद. या दहा सेकंदांत वाहने सुटलेली असतात. वृद्धाने घाईने पावले लांब टाकली तर टाच सटकण्याचा धोका, न टाकली तर वाहनांचा. दोष पायांचा नसून दिव्याच्या वेळापत्रकाचा होय.

पादत्राणे व राहणी : वार्धक्यातील चालीची बहुतेक मोजमापे बूट वापरणाऱ्या व खुर्चीवर बसणाऱ्या पाश्चात्त्य समाजांतील आहेत, हे विसरून चालणार नाही. बेल्जियन संशोधकांनी २००९ मध्ये दक्षिण भारतातील आजन्म अनवाणी चालणाऱ्यांची पावले तपासली, तेव्हा ती पुढे अधिक रुंद असल्याचे व तळव्यावरील दाब अधिक समप्रमाणात विभागला जात असल्याचे आढळले. उकिडवे बसताना घोटा पुष्कळ वाकवावा लागतो; खुर्ची, पलंग व उंच शौचकूप यांच्या सरावाने घोट्यास ही रोजची ताण मिळत नाहीशी झाली आहे. मात्र गुडघे दुखणाऱ्या वृद्धास तेवढ्यासाठी उकिडवे बसविणे योग्य नाही. भिंतीस हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणण्याने तेच साधते.

सैल सपाता व झिजलेल्या चपला यांच्यामुळे बोटांना सतत पकड धरावी लागते, पावलाची लांबी घटते आणि चपलेचे पुढचे टोक बोटांपुढे आले असल्यास आधीच अपुरी असलेली मोकळीक आणखी कमी होते. टाचेमागे पट्टा, पातळ पण टणक तळ, बुटकी व रुंद टाच आणि बोटांना ऐसपैस जागा असलेले पादत्राण वृद्धांना हितकर ठरते. जाड व मऊ तळाचे बूट आरामशीर वाटतात. परंतु तळपायास जमिनीची जाणीव त्यांतून नीट पोहोचत नाही. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घालून वावरणे सर्वथा टाळावे. धोतराचा सोगा व पायघोळ साडी किंवा गाऊन यांच्या कडा पायात येऊ नयेत, हे सांगण्यास शास्त्राची गरज नाही. तरी पडलेल्यांच्या हकिकतींत त्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो.

उपाय : तोल व पायांची ताकद वाढविणाऱ्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण सु. २३ टक्क्यांनी घटते, असे १०८ नियंत्रित प्रयोगांच्या २०१९ मधील समालोचनात आढळून आले. यात उभे राहून करावयाच्या व्यायामांना महत्त्व आहे : एका पायावर उभे राहणे, एका ओळीत टाचेस चवडा लावून चालणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, ओट्याचा आधार घेऊन दोन्ही टाचा उचलणे. नुसते फिरावयास जाणे प्रकृतीस चांगले असले, तरी पडण्यापासून बचाव करण्यास ते एकटे पुरे पडत नाही. पावलांकडे स्वतंत्र लक्ष दिल्याने किती फरक पडतो हे मेलबर्न येथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. पाय दुखणाऱ्या ३०५ वृद्धांपैकी निम्म्यांना पावलांचे व घोट्याचे व्यायाम, बुटात घालावयाचे आधार, योग्य पादत्राणे व सल्ला देण्यात आला. वर्षभरात त्यांच्यातील पडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी राहिले. खर्चाच्या मानाने हे यश लक्षणीय असूनही आपल्याकडे पावलांची तपासणी करणारे प्रशिक्षित लोक फारच थोडे आहेत.

काठीविषयी बराच गैरसमज आढळतो. काठी दुखऱ्या वा क्षीण पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी व त्या पायाबरोबरच पुढे टाकावी. त्यामुळे खुब्यावरील भार पुष्कळ कमी होतो. पुष्कळ जण ती दुखऱ्या बाजूसच धरतात. हात सरळ खाली सोडला असता मनगटाच्या घडीशी मूठ येईल इतकी काठीची उंची असावी. वाडवडिलांची उंच काठी वापरल्यास खांदा वर चढतो व फार आखूड काठीने कंबर वाकते. टोकाचे रबर झिजून गुळगुळीत झाले, की काठी स्वतःच घसरते. ते वेळोवेळी बदलणे आवश्यक असते.